अंदाज कुणाच्या पोटाचा?



दरवर्षी उन्हाळा तापायच्या सुमाराला सरकारदरबारी एक गणित मांडलं जातं. येत्या वर्षात आपली पोरं शाळेत किती भात खातील, किती डाळ खातील, त्याला किती पैसा लागेल, याचं गणित. हेडमास्तर आकडा वर धाडतो, तालुका जिल्ह्याला धाडतो, जिल्हा पुण्याला धाडतो, राज्याची वार्षिक योजना आणि अंदाजपत्रक तयार होतं आणि दिल्लीत मंजुरी मंडळ बसून त्यावर शिक्का मारतं. मग गोदामातून पोती हलतात.

या गणितावर आपल्या सभांमधून कुणी बोलत नाही. पोरांची पंगत वेगळी बसवली की आपण शाळेवर मोर्चा नेतो, आणि न्यायलाच पाहिजे. आपल्या बाईच्या हातचा भात सवर्णांच्या घरून नाकारला गेला की आपण रस्त्यावर येतो, आणि यायलाच पाहिजे. पण पंगत बसायच्या कितीतरी महिने आधी किती ताटं मांडायची हे कागदावर ठरून गेलेलं असतं. ज्याचं ताट त्या कागदावरच नाही, त्याचा विटाळ धरायची तसदीसुद्धा कुणाला घ्यावी लागत नाही. त्याला कुणी पंगतीतून उठवत नाही, कारण तो बसलेलाच नसतो. म्हणून हे संपादकीय भाताच्या अंदाजावर आहे. विषय रुक्ष वाटेल. वाटू द्या. आपल्याला उपाशी ठेवायची सगळी कामं रुक्ष कागदावरच होतात.

गणित सोपं आहे. मॅट्रिक झालेल्याला कळेल इतकं सोपं. पोरं गुणिले दिवस गुणिले ग्रॅम. पहिली ते पाचवीच्या पोराला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीच्या पोराला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. लहान्याच्या पोटात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं जावीत, मोठ्याच्या पोटात ७०० आणि २०. ग्रॅम सगळ्या देशाला सारखे. दिवस कॅलेंडर बघून धरतात. खरी मेख पहिल्या आकड्यात आहे. पोरं म्हणजे कुठली पोरं?

पटावर नाव आहे ती? हजर आहेत ती? की जेवली ती?

मंजुरी देताना मंडळ मुख्यतः गेल्या वर्षी रोज सरासरी किती पोरं जेवली ते बघतं. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. वाण्याचं दुकान असंच चालतं. गेल्या महिन्यात जेवढं खपलं तेवढं या महिन्यात भरा. पण वाण्याच्या दुकानात ज्याच्या खिशात पैसा नाही तो गिऱ्हाईक नसतो. शाळा हे दुकान आहे का?

एक मासला मांडून बघू. पहिली ते पाचवीची एक शाळा. पटावर २४० पोरं. गेल्या वर्षी रोज सरासरी जेवली १९०. शाळेचे दिवस २२०. मंजुरी १९० वर मिळाली तर रोज १९ किलो तांदूळ, वर्षाला ४१८० किलो, म्हणजे ५० किलोच्या ८४ गोणी. सगळ्या पटावर मिळाली तर रोज २४ किलो, वर्षाला ५२८० किलो, म्हणजे १०६ गोणी. फरक २२ गोणींचा. मी गोदीत गोणी वाहतो, मला २२ गोणी म्हणजे काय ते पाठीला ठाऊक आहे. ट्रकचा कोपरासुद्धा भरत नाही तेवढ्यात. पण त्या २२ गोणींत ५० पोरांचं वर्षाचं जेवण आहे.

गोदीत जहाज लागलं की टॅली क्लार्क उभा राहतो आणि एकेक फेरी मोजतो. हूक लागून गोण फाटली, दाणे सांडले, तर झाडून परत भरायला लावतात. कारण त्या दाण्याला मालक आहे. इथं ५० पोरं पंगतीतून सांडली आणि झाडू कुणी हातात घेतला नाही. उलट पुढच्या वर्षीच्या कागदावर लिहिलं, यांची मागणीच नाही.

कोण आहेत ही पोरं?

बीडचा, पाथर्डीचा, जतचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या आगेमागे बैलगाडीत, ट्रॅक्टरवर बिऱ्हाड टाकतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्याच्या फडावर राहतो. पोरं बरोबर. बाप मुकादमाकडून उचल घेतो आणि पोराच्या नावच्या तांदळाची उचल बंद होते. एकच शब्द, दोन हिशेब, दोन्हीत मरतो तो आपलाच. गावातल्या शाळेत त्याच्या नावापुढे पाच महिने गैरहजर. फडाजवळच्या शाळेच्या पटावर त्याचं नावच नाही. हंगामी वसतिगृहं काढली, शिक्षण हमी कार्डं वाटली, पण सगळी पोरं काही त्यात मावली नाहीत. पोरगा एक, शाळा दोन, आणि ताट एकीतही नाही.

शहरात बघा. मानखुर्दला, गोवंडीला झोपड्यांवर बुलडोझर येतो. बिऱ्हाड खाडीच्या कडेला सरकतं. पोरगी तीन महिने शाळेत दिसत नाही. वीटभट्टीवर, नाक्यावर, बांधकामावर फिरणाऱ्यांची पोरं अशीच. आई कामावर, म्हणून धाकट्याला काखेत घेऊन घरी बसलेली आठ वर्षांची पोर अशीच.

आणि एक जात अशीही आहे जी हजर असते पण जेवत नाही. ज्याला वेगळं बसवतात. ज्याच्या ताटात वरून भात टाकतात, डाव ताटाला लागू देत नाहीत. ज्याला दुसऱ्यांदा मागायची लाज वाटावी अशी नजर असते. असा पोरगा आठ दिवस सोसतो, नवव्या दिवशी म्हणतो, मला भूक नाही. वहीत लिहिलं जातं, जेवला नाही. कारणाचा रकाना वहीत नाही.

हे मनाचं सांगत नाही. २००३ साली सुखदेव थोरात आणि जोएल ली यांच्या अभ्यासासाठी ५ राज्यांतल्या ५३१ गावांत पाहणी झाली. त्यात शाळेच्या भाताभोवती जात कशी बसलेली असते ते मांडलं आहे. स्वयंपाक कुणी करायचा, जेवण गावात कुठल्या वस्तीत वाढायचं, कुणी कुठं बसायचं. २०२१ च्या डिसेंबरात उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यातल्या सुखीढांगच्या शाळेत दलित भोजनमाता नेमली तर सवर्णांच्या पोरांनी भात सोडला आणि तिलाच कामावरून काढलं. बोभाटा झाल्यावर परत घेतलं. आता तुम्हीच सांगा, त्या दिवसांत त्या शाळेत जेवणाऱ्यांचा आकडा किती लागला असेल? आणि तो आकडा वर गेला तर वरचा बाबू काय वाचेल? जात वाचेल? तो वाचेल, मागणीत घट.

अशी ही चक्की आहे. यंदा विटाळ, यंदा स्थलांतर, यंदा बुलडोझर, आणि पुढच्या वर्षी घटलेली मंजुरी. घटलेल्या मंजुरीत पातेलं लहान. लहान पातेल्यात शेवटच्या रांगेला खरवड. शेवटच्या रांगेत कोण असतं हे इथं लिहायची गरज नाही.

याची दुसरी बाजूही झाकून ठेवायची नाही. आकडा खाली दाबला जातो तसा वर फुगवलाही जातो. कॅगने २०१५ च्या आपल्या अहवालात या योजनेचं ऑडिट करताना स्पष्ट लिहिलं आहे की जेवणाऱ्यांचे आकडे फुगवून दाखवायची रीतच पडून गेली आहे. हजर १००, जेवले १४०. वरच्या ४० ताटांचा तांदूळ जातो कुठं, ते त्या त्या गावचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. साला, गंमत अशी की एकाच शाळेत दोन्ही चालतं. कागदावर खोटी पोरं जेवतात आणि अंगणात खरी पोरं उपाशी. पांढरपेशा संपादक यावर म्हणतो, बघा, चोरी होते, योजनाच बंद करा, पैसे थेट खात्यात टाका. आपण म्हणतो, चोर पकडा, पातेलं उतरवू नका. फुगवलेला आणि दाबलेला आकडा एकाच कारणाने जगतो. तो बंद वहीत असतो. आता तर रोजचा आकडा मोबाईलवरून वर जातो. वर जातो, पण बाजूला जात नाही. आईला कळत नाही, वस्तीला कळत नाही.

दिवसांचं बघू. २८ नोव्हेंबर २००१ ला सुप्रीम कोर्टाने हुकूम दिला की प्रत्येक सरकारी प्राथमिक शाळेत शिजवलेलं अन्न द्या, वर्षातले किमान २०० दिवस द्या. त्याआधी १९९५ पासून महिन्याला ३ किलो धान्य घरी द्यायची रीत होती, तीही ८० टक्के हजेरी भरली तरच. म्हणजे ज्याला भुकेमुळे, मजुरीमुळे शाळेत येता येत नाही त्यालाच धान्य नाही. कोर्टाने ती रीत मोडली आणि शिजवलेला भात हा हक्क केला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने त्याच्यावर कायद्याची मोहोर मारली. हजेरीची अट कायद्यातून गेली, पण अंदाजपत्रकात ती मागच्या दाराने परत आली. मागच्या वर्षी आलास, जेवलास, तर यंदा तुझा तांदूळ. तेच ते.

आणि दिवस सगळे सारखे नसतात. कुठल्याही शिजवणाऱ्या बाईला विचारा. ती सांगेल, सोमवारी पातेलं पुरत नाही. रविवारी घरी चूल पेटली की नाही ते सोमवारी पंगतीत दिसतं. बाजाराच्या दिवशी पोरं कमी. भाताच्या लावणीत कमी. परीक्षेला जास्त. मटकीच्या उसळीला दुसरा डाव मागतात, पातळ खिचडीला अर्धं टाकतात. जत्रा, जयंती, गणपती, कुठल्या दिवशी किती, सगळं तिच्या डोक्यात. अख्ख्या खात्यात भुकेचा खरा अंदाज बांधणारी कुणी असेल तर ती हीच बाई. २००९ साली केंद्राने तिचं मानधन ठरवलं महिना १००० रुपये, तेसुद्धा वर्षातले १० महिने. पुढे त्यात केंद्राचा वाटा ६०० झाला. राज्याने वर थोडी भर घातली एवढंच. आणि वार्षिक योजना करताना तिला कोण विचारतं? तिचा अंगठा, तिची सही फक्त मानधनाच्या कागदावर.

२० एप्रिल २००४ च्या हुकमात कोर्टाने म्हटलं की स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना पसंती द्या. त्याच हुकमात असंही आहे की दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुटीतही जेवण द्या. हा दुसरा भाग किती जणांना माहीत आहे? दुष्काळ काही एप्रिलमध्ये अचानक पडत नाही. पाऊस दसऱ्यापर्यंत कळलेला असतो, आणेवारी लागलेली असते. मग सुटीतल्या तांदळाची तरतूद त्याच वेळी व्हायला नको? अंदाज अंदाज म्हणतात तो यासाठीच असतो. पण दुष्काळ जाहीर व्हायचा, मग पत्र निघायचं, मग तांदूळ हलायचा, तोवर जून. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा खोलीत काय असतं? मार्चपासून पडून राहिलेली पोती. जाळी धरलेली, किडे लागलेली. उन्हाळाभर पोरं उपाशी आणि तांदूळ किड्यांनी खाल्ला. यालाही नियोजनच म्हणायचं.

आता पैसा. तांदूळ केंद्र देतं. डाळ, तेल, भाजी, मसाला, जळण यासाठी माणशी दर ठरतो. १ मे २०२५ पासून प्राथमिकच्या पोरामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे, उच्च प्राथमिकला १० रुपये १७ पैसे. नाक्यावरचा कटिंग चहा काय भावाने मिळतो ते तुम्हाला ठाऊक आहे.

दर ठरतो सरकारच्या सवडीने, डाळ महागते बाजाराच्या सवडीने. २०१५ च्या ऑक्टोबरात मुंबईत तूरडाळीने किलोला २०० रुपये ओलांडले. पोराला द्यायची डाळ २० ग्रॅम. हिशेब करा. २० ग्रॅम तूरडाळ ४ रुपयांची. आणि त्या वर्षी प्राथमिकचा दर होता ३ रुपये ८६ पैसे. म्हणजे तूर घालायची म्हटलं तर नुसत्या डाळीतच दर संपला. तेल नाही, भाजी नाही, जळण नाही. मग काय झालं असेल? वरण पिवळं पाणी झालं. मूग, मसूर, वाटाणा, काय स्वस्त ते. ठेकेदाराने माल कमी उतरवला. हेडमास्तराने किराणावाल्याकडे उधारी लावली. आणि कागदावर? कागदावर २० ग्रॅम.

हे काय आभाळातून पडलं होतं? पाऊस गेला होता, पेरा घटला होता, मोझांबिक आणि म्यानमारहून तूर मागवायच्या गोष्टी चालल्या होत्या. ज्याने जहाजावरून कडधान्य उतरवलं त्यालाही कळत होतं की भाव चढणार. व्यापाऱ्याला कळलं, त्याने गोदामं भरली. सरकारलाच तेवढं कळलं नाही? डाळीचा पेरा, पावसाचा अंदाज, बाजारभाव, सगळं सरकारच्याच एका खात्यात असतं आणि पोरांचं ताट दुसऱ्या खात्यात. दोन खात्यांच्या मध्ये शिपाई फाईल घेऊन फिरतो. सुगीला भाव पडलेला असताना वर्षाची डाळ शेतकऱ्याकडून घेऊन ठेवली तर शेतकरीही जगेल आणि पोरगंही. पण मग टेंडरचं काय होणार?

अंड्याची गोष्ट तर ताजी आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र सरकारने आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. जो खात नाही त्याला केळं. पोरं त्या दिवशी धावत यायला लागली. २०२५ च्या जानेवारीत सरकारने हात वर केले. अंड्याला वेगळा पैसा मिळणार नाही, द्यायचं तर लोकसहभागातून द्या. लोकसहभाग! शब्द बघा कसा गोड. गावात ज्याच्याकडे दान द्यायला पैसा आहे तो अंडं शिवत नाही, आणि जो अंडं खातो त्याच्याकडे दान द्यायला पैसा नाही. मग हक्काचं अंडं पाटलाच्या मर्जीवर. पाटील खूश असला तर अंडं, आमच्या पोरांनी जयंतीची मिरवणूक गावातून काढली तर अंडं बंद. हक्काची भीक करायला एक ओळ पुरते, आणि ती ओळ अंदाजपत्रकात असते. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, लहान्याला शाळेच्या जेवणातून द्यायच्या १२ ग्रॅमपैकी अर्धी. त्याला भेसळ करता येत नाही, पाणी घालून वाढवता येत नाही, मोजायला सोपं. पोरागणिक एक. चोराला आणि भटजीला दोघांनाही नको असलेली वस्तू.

शहरातल्या मित्रांना केंद्रीय स्वयंपाकघराबद्दल सांगायला हवं, कारण हे तुमच्या वॉर्डातलं आहे. एका ठिकाणी हजारो पोरांचं शिजतं आणि टेम्पोने शाळाशाळांना जातं. आकडा आदल्या दिवशी कळवायचा. दुसऱ्या दिवशी तीस पोरं जास्त आली तर? शाळेतल्या चुलीवर बाई दोन मुठी जास्त टाकते, पाणी वाढवते, निभावते. टेम्पोतल्या डब्यात मूठ टाकता येत नाही. पाऊस पडून पोरं कमी आली तर डबे तसेच परत. काही मोठ्या संस्था कांदा-लसूणही घालत नाहीत, अंडं तर लांबच. म्हणजे पोरांच्या जिभेचा अंदाजही त्यांच्या धर्माने बांधायचा. आणि जिथं असं स्वयंपाकघर आलं तिथं शाळेत शिजवणाऱ्या बचत गटाच्या बायांचं काम जातं. त्यात आपल्याच वस्तीच्या आया असतात.

पण म्हणून शाळेची चूल आपोआप पवित्र होत नाही. १६ जुलै २०१३ ला बिहारात सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेचं जेवण जेवून २३ पोरं मेली. तेलात कीटकनाशक मिसळलं होतं. गरिबांची पोरं होती. कोठार नाही, तपासणी नाही, सामान कुठून आलं याची नोंद नाही. खरेदीची शिस्त म्हणजे बाबूंचं खूळ असं कुणी समजू नये. नोंद नसली की आपलीच पोरं मरतात. चूल शाळेत हवी आणि कोठारही हवं, काटाही हवा, आणि पोरांच्या आधी चव घेणारं मोठं माणूसही हवं.

आता करायचं काय?

पहिली गोष्ट मोजायची. आपल्या प्रत्येक शाखेने, प्रत्येक वस्तीतल्या मंडळाने जवळची एक शाळा धरावी. एक वही घ्यावी. तीस दिवस रोज पाच आकडे लिहावेत. पटावर किती, हजर किती, जेवले किती, दुसऱ्यांदा मागूनही मिळालं नाही असे किती, आणि शेवटी पातेल्यात उरलं किती. सहावा आकडा वस्तीतून आणावा. शाळेच्या वयाची किती पोरं त्या दिवशी शाळेतच नव्हती, आणि कुठं होती. चौकात उभं राहून भाषण करणं सोपं आहे. महिनाभर दुपारी शाळेच्या दारात उभं राहणं कठीण आहे. ज्याची पाळी रात्रीची असेल त्याने दुपार धरावी. कॉलेजातल्यांनी आपसात वार वाटून घ्यावेत.

मास्तरशी पहिल्याच दिवशी भांडू नका. बरेचसे मास्तर या हिशेबाने पिचलेले आहेत, उधारीही तेच फेडतात. शिजवणाऱ्या बाईला मावशी म्हणा आणि तिच्याजवळ बसून ऐका. तिचा अंदाज लिहून घ्या, दुसऱ्या दिवशी ताडून बघा. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा आईबाप असतात आणि त्यात आपल्या लोकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. आपल्या वस्तीतली कोण माणसं समितीवर आहेत? त्यांना बैठकीचं बोलावणं येतं का? सही घरी येऊन घेतात का? ते शोधा. वही त्यांच्या हातात द्या. शाळेने आकडे दाखवले नाहीत तर २००५ चा माहितीचा कायदा आहे, १० रुपयांचा अर्ज आहे.

आणि २०१५ च्या नियमांतली ही गोष्ट पाठ करून ठेवा. शाळेत जेवण मिळालं नाही, मग कारण तांदूळ संपला असो, जळण संपलं असो, बाई आली नसो, तर त्या दिवसाचं धान्य आणि शिजवण्याचा पैसा पोराला अन्न सुरक्षा भत्ता म्हणून पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यावा लागतो. सलग ३ दिवस किंवा महिन्यात ५ दिवस जेवण चुकलं तर राज्याने जबाबदार माणूस ठरवून कारवाई करायची आहे. तुमच्या वहीत चुकलेले दिवस असतील तर अर्ज टाका. एका पोरासाठी नाही, अख्ख्या वर्गासाठी टाका.

वही भरली की मागायचं हे:

१. वर्षाची मंजुरी पटावर द्या, मागच्या वर्षीच्या जेवणाऱ्यांच्या सरासरीवर नको. तांदूळ सडेल म्हणतात, त्यांना सांगा, उचल महिन्याला करा. शिल्लक वजा करून पुढच्या महिन्याचा माल मागवा. मंजुरी मोठी असली म्हणून सगळी पोती एकदम खोलीत कोंबायची नसतात.

२. प्रत्येक शाळेत महिनाभराचा साठा राहील असं कोरडं कोठार आणि वजनकाटा द्या. गोण मोजून नको, तोलून घ्या.

३. दर डाळी-तेलाच्या भावाशी बांधा. भाव चढला की दर आपोआप चढला पाहिजे.

४. अंड्याची ओळ अंदाजपत्रकात परत घाला.

५. ऊसतोड, वीटभट्टी, बांधकामावरच्या पोराचं ताट त्याच्याबरोबर हलवा. हमी कार्डावर त्याच्या धान्याचा हिशेब लिहा. तो जिथं असेल त्या शाळेने दुसऱ्या दिवसापासून त्याला वाढावं, कागद मागून येऊ द्या.

६. पाऊस गेलेल्या तालुक्यांत उन्हाळी जेवणाची तरतूद डिसेंबरातच करा.

७. नववी-दहावीच्या पोरांना जेवण द्या. आठवी पास झाला म्हणून पोट बंद होत नाही. तिथंच तर आपली पोरं शाळा सोडतात आणि कामाला लागतात.

८. शिजवणाऱ्या बाईला किमान वेतन द्या आणि मागणीच्या कागदावर तिची सही घ्या. तिच्या सहीशिवाय आकडा वर जाता कामा नये.

९. रोजचे आकडे शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर खडूने लिहा. मोबाईलवर दिल्लीला कळवता ना, मग दारातल्या आईलाही कळू द्या.

यातलं एकही मागणं क्रांती नाही, असं म्हणणारे मित्र आपल्यात आहेत. खिचडीच्या ग्रॅममध्ये काय अडकता, सत्ता घ्या, म्हणतात. मित्रा, सत्ता म्हणजे वाटपाचा आकडा लिहायचा अधिकार. १९२७ साली महाडला बाबासाहेब ओंजळभर पाण्यासाठी तळ्यावर गेले नव्हते, हे तूच सभेत सांगतोस. मग ओंजळभर भातालाही तोच न्याय लाव.

बाबासाहेबांना शाळेत बसायला स्वतःच्या घरचं गोणपाट न्यावं लागायचं. शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून संध्याकाळी ते परत घरी न्यायचे. आज आपली पोरं सतरंजीवर बसतात, बाकावर बसतात. आता बघायचं आहे ते शाळेच्या खोलीत रचलेल्या गोणपाटांकडे. त्यात कुणाच्या नावाचे दाणे आहेत आणि कुणाच्या नावाचे गोदामातून निघालेच नाहीत. हे मोजायला वही आणि पेन्सिल लागते, एवढंच.

पुढच्या अंकासाठी कविता पाठवा, जरूर पाठवा. कवितेबरोबर तुमच्या शाळेचे तीस दिवसांचे आकडेही पाठवा. दोन्ही छापू.

जय भीम.